सिनेमातल्या डॉ. कोटणीसांना प्लेगने मारलं, खऱ्या कोटणीसांचं काय झालं होतं?

डॉ. द्वारकानाथ कोटणीस कशाने गेले?

ज्यांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' बघितलाय, ते लगेच सांगतील की प्लेगने. चीनमध्ये भयंकर साथ आली, आपल्या सोलापूरच्या डॉक्टरने त्यावर इलाज शोधला, पण रुग्णांना वाचवता वाचवता तो रोग त्यालाच झाला आणि तो गेला. 1946 साली व्ही. शांताराम यांनी पडद्यावर हे दाखवलं आणि थिएटरमधून लोक डोळे पुसत बाहेर पडले.

विषय असाय की, यातलं मरण खरं नाही. डॉ. कोटणीसांना प्लेग झालाच नव्हता. ते गेले फिट येऊन. अपस्मार, मिरगी, फेफरं, आकडी, तुमच्याकडे जे काही म्हणत असतील ते.

आता तुम्ही म्हणाल, माणूस परक्या देशात, परक्या लोकांची सेवा करताना गेला, मग प्लेगने गेला काय आणि फिटने गेला काय, फरक काय पडतो? फरक पडतो. तो कसा, हे कळण्यासाठी आधी खऱ्या कोटणीसांची गोष्ट बघावी लागेल.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा, सोलापूरचा. घर मध्यमवर्गीय, भावंडं भरपूर, श्रीमंती नाही. तेव्हाचं सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून भोंग्यांवर चालणारं, मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू असं सगळं एकाच गल्लीत ऐकू येणारं. द्वारकानाथ एकोणीस वर्षांचे होते तेव्हा, म्हणजे मे 1930 मध्ये, याच सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला. पुढे 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिली. सोलापूरला हुतात्म्यांचं शहर म्हणतात ते यामुळे. कोटणीस ज्या पिढीतले होते, त्या पिढीला देशासाठी काहीतरी करायचं म्हणजे काय, हे पुस्तकात वाचावं लागत नव्हतं.

पण हा गडी आंदोलनात गेला नाही, तो डॉक्टर झाला. मुंबईत परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये, म्हणजे केईएम हॉस्पिटलला जोडलेल्या कॉलेजमध्ये शिकला. परळ हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1937 मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला केला. चिनी लाल सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली की डॉक्टर पाठवा. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी 30 जून 1938 ला वर्तमानपत्रांतून आवाहन केलं, जुलैच्या 7 ते 9 तारखांना देशभर निधी गोळा झाला. जमले 22 हजार रुपये. स्वतः गुलामीत असलेल्या देशाने दुसऱ्या देशाच्या लढाईसाठी वर्गणी काढून डॉक्टर पाठवले, हे आज वाचतानाही भारी वाटतं.

पाच जण निवडले गेले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल हे प्रमुख. नागपूरचे डॉ. चोळकर. कलकत्त्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी. आणि सोलापूरचे कोटणीस, वय 27. खरं तर ते तेव्हा पुढच्या शिक्षणाच्या तयारीत होते. चीनबद्दल घरच्यांना माहिती होती ती इतकीच की तिकडचे लोक आपल्याकडे रेशीम विकायला येतात. अशा देशात, तेही लढाईत, पोरगा निघाला होता. 1 सप्टेंबर 1938 ला 'राजपुताना' या बोटीने मुंबई सोडली.

त्याच महिन्यात ते कँटनला पोचले. तिथे त्यांच्या स्वागताला सन यत-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग होत्या. पण स्वागताचे हार सुकायच्या आत ऑक्टोबरमध्ये कँटन जपान्यांच्या हाती गेलं, पाठोपाठ वुहान पडलं. डॉक्टरांची ही टोळी मागे मागे सरकत चुंगकिंगला आली. पुढे माओ आणि चू तेह यांच्या येनान या डोंगराळ मुक्कामी पोचायला फेब्रुवारी 1939 उजाडला.

येनानच्या वाटेवर असतानाच सोलापूरहून निरोप आला, वडील गेले. सोबतच्यांनी परत जा म्हणून सांगितलं. कोटणीस गेले नाहीत.

या पाचही जणांनी आपल्या चिनी नावांच्या शेवटी हुआ हा शब्द लावून घेतला. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचं झालं के दिहुआ. आजही चीनमध्ये त्यांना याच नावाने ओळखतात, कोटणीस म्हटलं तर पटकन कळणार नाही.

पाचांपैकी बाकीचे एकेक करून भारतात परतले. कोणाची तब्येत साथ देत नव्हती, कोणाचं ठरलेलं काम संपलं होतं. बसू सगळ्यात शेवटी, 1943 मध्ये परतले. कोटणीस पुढे पुढेच जात राहिले, उत्तर चीनच्या डोंगरांत, जपानी सैन्याच्या पिछाडीला आठव्या मार्ग सेनेचे गनिमी सैनिक लढत होते तिथे.

तिथे त्यांच्या आधी एक कॅनेडियन सर्जन काम करून गेला होता. नॉर्मन बेथून. ऑपरेशन करताना बेथूनच्या बोटाला कापलं, जखमेतून जंतू रक्तात गेले आणि 12 नोव्हेंबर 1939 ला तो गेला. बेथूनचं मरण कोणत्याही पटकथालेखकाने लिहिलं नसतं इतकं चपखल आहे. सैनिकाचा जीव वाचवणाऱ्या हातालाच जखम होते आणि त्याच जखमेने डॉक्टर मरतो. यात एका शब्दाचाही मसाला घालायची गरज नाही.

कोटणीस बेथूनचं काम पुढे चालवायला गेले. 1940 मधल्या एका लांबलेल्या लढाईत त्यांनी सलग 72 तास न झोपता ऑपरेशनं केली. त्या लढाईत त्यांच्या हाताखालून 800 पेक्षा जास्त जखमी गेले. औषधं नाहीत, कारण जपान्यांनी चारी बाजूंनी नाकेबंदी केलेली. हॉस्पिटल म्हणजे पक्की इमारत नव्हे, शत्रू जवळ आला की खाटा, पेशंट, हत्यारं उचलायची आणि पुढच्या गावात मांडायची. जानेवारी 1941 मध्ये बेथूनच्याच नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. तोवर चिनी भाषा इतकी आली होती की ते चिनी पोरांना चिनीतूनच सर्जरी शिकवत होते. शिकवायला पुस्तकं नव्हती म्हणून स्वतः लिहायला बसले. एक पूर्ण केलं, दुसरं सुरू केलं.

बेथूनच्या समाधीच्या उद्घाटनाला त्यांची गाठ ग्वो चिंगलान या तरुणीशी पडली. ती तिथल्याच वैद्यकीय शाळेत नर्सिंग शिकवायची. 1941 च्या अखेरीस दोघांनी लग्न केलं. 23 ऑगस्ट 1942 ला मुलगा झाला. सेनापती न्ये रोंगचेन यांनी बाळाचं नाव सुचवलं, यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी जुलैमध्ये कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले होते.

आणि याच काळात त्यांना फिट यायला लागल्या होत्या. अतिश्रम, अपुरी झोप, अपुरं खाणं, थंडी, आणि त्यात हा आजार. दुसरीकडे जाऊन उपचार घ्या म्हणून सांगून झालं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. फिट यायची, ओसरायची, माणूस उठून परत कामाला लागायचा. इथे एक योगायोग सांगायलाच हवा. फिटवर आजही वापरलं जाणारं फेनिटॉइन हे औषध अपस्मारावर चालतं, हे अमेरिकेत मेरिट आणि पुटनम या दोन डॉक्टरांनी जगापुढे मांडलं ते 1938 साली. म्हणजे कोटणीस बोटीत बसले त्याच वर्षी. त्याआधीचं फिनोबार्बिटल तर 1912 पासून वापरात होतं. इलाज जगात होता, त्या डोंगरात नव्हता.

8 डिसेंबर 1942 च्या रात्री फिट सुरू झाल्या. फिट एकामागून एक येत राहिल्या, मधे शुद्ध आलीच नाही तर ते आजच्या सुसज्ज आयसीयूतही आणीबाणीचं समजलं जातं. हेबेई प्रांतातल्या एका खेड्यात, नाकेबंदीत, 9 डिसेंबरच्या पहाटे डॉ. कोटणीस गेले. वय 32. मुलगा साडेतीन महिन्यांचा. सर्जरीचं दुसरं पुस्तक अर्धं.

ही झाली खरी गोष्ट. आता सिनेमा.

डॉ. बसू परत आल्यावर त्यांच्याकडून ऐकून पत्रकार ख्वाजा अहमद अब्बास यांनी 1944 मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं. जो परत आला नाही, त्या एकावरचं पुस्तक. त्यावरून अब्बास आणि व्ही. पी. साठे यांनी पटकथा केली. राजकमल कलामंदिरने सिनेमा काढला, दिग्दर्शन शांतारामबापूंचं, कोटणीसही तेच. चिंगलानच्या भूमिकेत त्यांच्या पत्नी जयश्री. संगीत वसंत देसाईंचं. हिंदीसोबत बाहेरच्या देशांसाठी इंग्रजी आवृत्तीही निघाली.

राजकमलचा स्टुडिओ कुठे होता? परळला. खरे कोटणीस ज्या परळमध्ये डॉक्टर झाले, त्याच परळमध्ये पडद्यावरच्या कोटणीसांचं बस्तान होतं. चिनी मुलगी झाली होती मराठी अभिनेत्री, डोळ्यांच्या मेकअपसकट. चिनी सैनिक, चिनी म्हाताऱ्या, सगळे झकास हिंदीत बोलतात. यातलं काहीच खरं नाही आणि गंमत म्हणजे त्याने काहीच बिघडत नाही. बघणाऱ्याला माहिती असतं की ही जयश्री आहे. नाटकात पडद्यावर रंगवलेलं झाड बघून कोणी सावलीला जात नाही, तसंच आहे ते. हा खोटेपणा उघड असतो, तो कोणाला फसवत नाही.

पण प्लेग? तो फसवतो. कारण तो खोटा आहे हे कळायला बघणाऱ्याकडे मार्गच नाही. नाव खरं, गाव खरं, बायको खरी, मुलगा खरा, लढाई खरी, मग मरणही खरंच असणार, असं माणूस धरून चालतो. सिनेमात ते जपान्यांच्या तावडीत सापडतात आणि निसटतात तेही दाखवलंय. तेवढं हिरोगिरी म्हणून सोडून देता येतं. मरणाचं तसं सोडून देता येत नाही, ते लोकांच्या डोक्यात इतिहास म्हणून जाऊन बसलं.

वास्तववाद म्हटलं की चर्चा बहुतेक वेळा मेकअप, सेट, बोलीभाषा यांवर होते. अमुक पिक्चरमध्ये पोलिसाची टोपी चुकली, तमुक सिरीजमध्ये सोलापूरचा माणूस कोल्हापुरी बोलतो, यावर आपण कमेंटमध्ये तासभर भांडतो. कोटणीसांच्या सिनेमात चुकलेली जागा तिथे नाहीये, ती पटकथेच्या गाभ्यात आहे.

बरं, शांतारामबापूंना वास्तव दाखवता येत नव्हतं असंही नाही. उलट या विषयात त्यांच्याइतका अनुभव त्या काळात फार थोड्यांकडे होता. 1925 मध्ये बाबुराव पेंटर यांनी कोल्हापुरात 'सावकारी पाश' काढला. सगळीकडे देवादिकांचे आणि राजेरजवाड्यांचे मूकपट चालू असताना कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट. भारतातल्या सुरुवातीच्या वास्तववादी चित्रपटांत तो मोजतात. त्यात जमीन गमावून शहरात येणारा तरुण शेतकरी झाला होता तो शांतारामच. पुढे 1937 मध्ये त्यांनी 'कुंकू' केला. त्यात पार्श्वसंगीतच ठेवलं नाही, फक्त घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या पोरीची घुसमट त्या शांततेतून जास्त टोचते. म्हणजे काय काढून टाकलं की खरेपणा वाढतो, हे या माणसाला नेमकं ठाऊक होतं.

मग इथे प्लेग का घातला?

पटकथेच्या बैठकीत काय बोलणं झालं, हा भाग बाजूला ठेवू. पण 1946 च्या प्रेक्षकाच्या जागी बसून बघितलं तर प्लेग किती सोयीचा होता ते कळतं. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, तिथून तो महाराष्ट्रभर पसरला, घरटी कोणीतरी गेलेलं होतं. गावाबाहेर झोपड्यांत राहिल्याच्या आठवणी सांगणारी आजी प्रत्येक घरात होती. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897 ला सावित्रीबाई फुले गेल्या, त्याही प्लेगनेच. त्याच वर्षी जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. त्यांच्या नावाची संस्था कुठे? परत परळलाच. म्हणजे इलाज शोधणारा, सेवा करणारा आणि त्याच रोगाने मरणारा माणूस हे चित्र मराठी प्रेक्षकाच्या मनात आधीपासून तयार होतं. सिनेमाने फक्त कोटणीसांना त्या चौकटीत बसवलं.

आणि फिट? तिची तेव्हाची चौकट वेगळी होती. भूतबाधा, करणी, पूर्वजन्मीचं पाप. रस्त्यात कोणाला फिट आली की नाकाला कांदा लावा, चप्पल हुंगवा, हे आजही होतं, तेव्हा तर विचारायलाच नको. ज्याला फिट येते त्याचं लग्न जमायचं नाही, जमवायचं तर लपवून. हिरोला असा आजार कसा द्यायचा?

हा मुद्दा फक्त 1946 पुरता नाहीये. हिंदू विवाह कायद्यात 1976 च्या दुरुस्तीने वेडाच्या झटक्यांच्या जोडीला अपस्माराचे झटकेही घातले गेले होते. ज्याला वारंवार झटके येतात तो लग्नाच्या अटींतच बसत नाही, असा त्याचा अर्थ. हा शब्द कायद्यातून निघाला तो 1999 मध्ये. तेवीस वर्षं कायदाच सांगत होता की फिट येणारा माणूस लग्नाच्या लायकीचा नाही. मेंदूतल्या पेशींच्या विजेच्या संदेशांत काही क्षण गडबड होते, त्याला फिट म्हणतात, बहुतेकांना रोजच्या गोळ्यांनी ती आटोक्यात ठेवता येते, हे डॉक्टर सांगून सांगून थकले होते तरीही.

आता विचार करा. देशभर ज्याचं नाव झालं असा एक डॉक्टर. त्याला फिट यायच्या. फिट येत असताना तो हॉस्पिटलचा संचालक होता, पुस्तक लिहीत होता, लग्न झालेला होता, बाप झालेला होता. हे 1946 साली पडद्यावर आलं असतं तर? लपवून गोळ्या घेणाऱ्या किती तरी पोरापोरींना आई-बापाला दाखवायला एक नाव मिळालं असतं. ते नाव सोलापूरचंच होतं, पण सिनेमाने त्याच्यावर प्लेगची पट्टी चिकटवली.

गोष्ट म्हणूनही बघू, कारण सिनेमा आधी रंगला पाहिजे ही अट मान्यच आहे. प्लेगवाल्या मरणात सगळं सरळ आहे. रोग आला, डॉक्टर लढला, रोगाने सूड घेतला. बघणारा रडतो आणि मोकळा होतो. खऱ्या मरणात तसं मोकळं होता येत नाही. जपान्यांच्या गोळीने मारलं नाही, रुग्णाच्या रोगाने मारलं नाही, स्वतःच्याच मेंदूने दगा दिला आणि वाचवू शकणारं औषध जगात असूनही तिथवर पोचलं नाही. फिट ओसरल्यावर घाम पुसून परत ऑपरेशनला उभा राहणारा माणूस पडद्यावर बघणं जास्त अवघड आहे, आणि 'कुंकू'सारख्या शांततेत तो प्रसंग दाखवला असता तर तो जास्त काळ डोक्यात राहिला असता. हे ज्याला जमलं असतं असा दिग्दर्शक नेमका तिथेच होता, याचीच हळहळ वाटते.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर शांतारामबापूंवर अन्याय होईल.

1946 या एकाच वर्षात अब्बास यांच्या लेखणीतून तीन सिनेमे आले. एक कोटणीसांचा. दुसरा 'धरती के लाल', तो त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला, 1943 च्या बंगालच्या दुष्काळावर, इप्टाच्या कलाकारांना घेऊन, स्टारबिर नाही. तिसरा चेतन आनंदचा 'नीचा नगर', त्याला कानच्या पहिल्याच महोत्सवात सर्वोच्च सन्मान मिळाला. पुढचे दोन्ही कोटणीसांपेक्षा किती तरी जास्त वास्तववादी. भुकेची रांग, गटाराचं पाणी, सगळं दाखवणारे. पण 'नीचा नगर'ला स्वतःच्या देशात थिएटर मिळताना दमछाक झाली. 'धरती के लाल'चं नाव आज सिनेमाच्या अभ्यासात जास्त निघतं, घराघरात नाही. आणि मसाला घातलेली, मेकअप केलेली, गाण्यांची 'अमर कहानी' मात्र गावोगाव पोचली. चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी अटल, चोळकर, मुखर्जी, बसू ही नावं आज किती जणांना सांगता येतील? एकाचंच नाव उरलं, ज्याच्यावर पिक्चर निघाला त्याचं.

म्हणजे खोट्या प्लेगने खऱ्या माणसाचं नाव जिवंत ठेवलं, असंही म्हणता येतं. हे मान्य करावंच लागेल. पण मग हेही विचारावं लागेल की लोक गेले ते प्लेगसाठी गेले का? शांताराम होते, वसंत देसाईंचं संगीत होतं, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचा देश होता, परदेशात नाव काढलेला आपला पोरगा होता, परकी सून होती. हे सगळं जसंच्या तसं ठेवून शेवटी फक्त खरं मरण दाखवलं असतं तर तिकीटबारी पडली असती, असं मानायला आधार नाही. बेथूनचं मरण जसं होतं तसं ठेवूनही त्याची दंतकथा झालीच की.

त्यात तो काळही विचित्र होता. ज्या सुभाषबाबूंनी 1938 मध्ये जपानविरुद्ध लढणाऱ्या चीनला डॉक्टर पाठवले, तेच 1943 मध्ये जपानच्या मदतीने आझाद हिंद सेना उभी करत होते. सिनेमा आला तेव्हा देश आझाद हिंदच्या सैनिकांसाठी घोषणा देत होता आणि पडद्यावर जपानी सैनिक खलनायक होते. एवढी गुंतागुंत प्रेक्षकाने पचवली. फिटही पचवली असती.

सिनेमाच्या शेवटी चिंगलान बाळाला घेऊन कोटणीसांच्या घरी येते. मरता मरता त्यांनी वर्णन केलेलं घर, माणसं तिला एकेक करून दिसत जातात. हा प्रसंग आजही गलबलून टाकतो, आणि त्यात रोगाचा काही संबंधच नाही. नवऱ्याने सांगितलेलं सोलापूर आणि तिने बघितलेलं सोलापूर, एवढ्यावर तो उभा आहे.

खऱ्या ग्वो चिंगलान पुढे खूप जगल्या. भारतात आल्या, सासरच्यांशी नातं ठेवलं, नवऱ्यासोबतच्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं. कोटणीसांच्या अस्थी 1976 मध्ये शिच्याचुआंगच्या हुतात्मा स्मारकात नेल्या, तिथे बेथूनही आहे. दोन्ही देशांनी त्यांच्यावर टपाल तिकिटं काढली. भारतात आलेले चिनी नेते कोटणीसांच्या नातेवाइकांना भेटत राहिले. 1962 चं युद्ध होऊनही हे थांबलं नाही. सोलापुरात भैय्या चौकात त्यांचं स्मारक उभं राहिलं ते 2012 मध्ये. त्याच वर्षी जूनमध्ये चिंगलान गेल्या.

यिनहुआ वडिलांसारखाच डॉक्टर व्हायला निघाला होता. 1967 मध्ये, शिकत असतानाच, पंचविशीही पूर्ण व्हायच्या आत तो गेला. त्याच्यावर कोणी पिक्चर काढला नाही.